बदलीचं नाव

ज्या माणसाने जन्मात बॉलला लाथ मारली नाही, त्याचं नाव आमच्या क्लबच्या दगडावर कोरायला निघाले होते. कप जिंकून देणारा म्हणून! आणि वर मलाच सांगत होते, काका, शांत राहा, तुम्हाला बीपी आहे.

बीपी आहेच. खोटं ऐकून गप्प बसलो तर ते काय खाली उतरणार आहे?

मी चौथी शिकलेला माणूस, मला गोल गोल बोलता येत नाही. खानदेशातून सुरतेला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. सगळी उमर एका डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये गेली, फोल्डिंग खात्यात, कापडाच्या घड्या घालत. त्या मिलच्या कामगारांनी फुटबॉलची टीम काढली होती. पुढे मिल बंद पडली, टीम नाही पडली. तिचाच आता आमच्या कॉलनीत क्लब आहे, ऑफिस आहे, पंखा आहे, प्रमुख आहेत.

मी खेळाडू नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. माझा डावा पाय लहानपणापासून बारीक. मी लाइनमन. फोल्डिंगमधली लाल चिंधी काठीला बांधून मी रेषेवर लंगडत पळायचो आणि बॉल बाहेर गेला की झेंडा वर करायचो. फाटलेला बॉल शिवायचोही. एवढंच माझं फुटबॉल.

तर झालं असं की क्लबने ऑफिसच्या भिंतीत काळा ग्रॅनाइट बसवायचं ठरवलं, जुन्या खेळाडूंच्या नावांचा. आधी कागदावर यादी चिकटवली, कोणाला काही सांगायचं असेल तर आठ दिवसांत सांगा म्हणून. गुजराती अक्षरांत. ती अक्षरं मला हळूहळू लागतात, डोक्यावर रेघ नसली की माझी नजर घसरते. बोट ठेवून वाचत गेलो. वर मोठ्या अक्षरांत नियम होता की जे तीन वर्षं खेळले त्यांचीच नावं येतील.

तीन वर्षं! तीन वर्षं आमच्याकडे कोण कोण खेळलं ते मी रेषेवरून पाहिलंय. एक जण तर असा होता की बॉल आपल्याकडे येतोय दिसलं की बुटाची नाडी बांधायला बसायचा. तो अकरा वर्षं खेळला. त्याचं नाव यादीत तिसरं. आणि तो उडिया गोलकीपर? पाच मॅच खेळला. बॉल अडवायच्या आधी शिट्टी वाजवायचा, मारणारा बिचकायचा. नंतर लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी लागली आणि गेला. त्याची शिट्टी म्हातारी माणसं आजही चहाच्या टपरीवर वाजवून दाखवतात. तो यादीत नाही. आला आणि गेला ना, मग कशाला?

ते मी एक वेळ गिळलं असतं. पण यादीच्या खाली चौकट होती. कपच्या फायनलचा गोल मारणारा, आणि समोर नाव. ते नाव वाचलं आणि माझे कान तापले. ते नाव कायमचं होतं.

कायम म्हणजे काय ते सांगतो. मिलमध्ये दोन जातीचे कामगार असायचे, कायम आणि बदली. कायमचं नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर. बदली गेटावर उभा राहायचा, कोणी आलं नाही की त्याच्या जागी आत घ्यायचे. आमच्या टीममधला नव्हे, कापड रंगवायच्या जेट मशीनवरचा एक कायम होता. त्याला गावी गेला असताना कावीळ झाली. जागा जाईल म्हणून त्याने आपला गेटपास एका बदलीकडे दिला. तेव्हा पासवर फोटो नसायचा. मुकादमाला मशीन चालल्याशी मतलब. तो बदली रोज सकाळी कायमच्या नावाची हजेरी द्यायचा आणि दिवसभर त्याच्या नावाने राबायचा. गावोगावच्या मिलांत हेच चाललेलं होतं, कोणाला त्यात पाप वाटत नव्हतं.

त्याच दिवसांत मिलांमिलांचा कप लागला. अट अशी की मस्टरवरचाच कामगार खेळेल. आमच्या टीमला पुढचा खेळाडू नव्हता. एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत हा बदली अनवाणी बॉल उडवताना दिसला. डाव्या पायावर बॉल असा बसायचा जसं पाळलेलं मांजर. तो विदर्भाकडचा, यवतमाळच्या बाजूचा, पंचविशीतला. आश्रमशाळेत खेळायला शिकला होता. त्याला म्हटलं, बूट देतो, खेळ. तर म्हणाला, "बुटात माया पाय गुदमरते, आप्पा. असाच खेळतो."

मिलमध्ये मला सगळे आप्पा म्हणायचे. माझं खरं नाव पगाराच्या दिवशी कारकून घ्यायचा, तेवढंच. हेही लक्षात ठेवा.

तो कायमच्या नावावर खेळला. सात मॅच. कागदावर कायम, मैदानावर सगळे ओरडायचे "ए बदली, इकडं दे!" त्याला खरं नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही. सात मॅच मी त्याच्या बरोबरीने रेषेवर पळालो, तो पडला की खरचटल्यावर हळद लावली, घरी नेऊन जेवू घातलं, आणि नाव विचारलं नाही. दुसऱ्यांना शिव्या घालतोय, त्यात ही एक माझ्या वाट्याची.

फायनल भेस्तानच्या मिलशी होती. आमचं मैदान म्हणजे मिलच्या मागची मोकळी जागा. एका गोलच्या मागे मिलची चुना मारलेली भिंत, कडेच्या रेषेला रंगाच्या पाण्याची नाली. गोलचे खांब म्हणून बांबू, जाळी नाही. शेवटची पाच मिनिटं राहिली होती. बॉल नालीत पडला. त्या दिवशी जांभळा रंग चालू होता. बदलीने नालीत उतरून बॉल काढला, गुडघ्यापर्यंत जांभळा झाला, आत फेकला, परत मागून घेतला, आणि दोन माणसं चुकवून डाव्या पायाने असा मारला की बॉल बांबूंच्या मधून जाऊन भिंतीवर फाटकन बसला.

मी झेंडा खाली ठेवून मधल्या रेषेकडे पळालो, म्हणजे गोल झाला. भेस्तानवाले अंगावर आले.

"ओ लंगडेशेठ, बांबूच्या बाहेरून गेलाय! घरची मिल म्हणून आंधळा झालास काय?"

"आंधळा तुझा बाप," मी म्हणालो. "भिंत बघ."

रेफरी होते एका शाळेचे सर. ते शांतपणे चालत भिंतीपाशी गेले. पांढऱ्या चुन्यावर कमरेएवढ्या उंचीला ओला जांभळा गोळा उमटलेला. दोन बांबूंच्या बरोब्बर मधे. सरांनी त्याला बोट लावून पाहिलं, बोट आपल्या रुमालाला पुसलं आणि शिट्टी वाजवली. कप आमचा.

तो जांभळा डाग भिंतीवर कितीतरी वर्षं राहिला. बाया पाण्याला जाताना पोरांना दाखवायच्या, हा बदलीचा गोल. पण सरांनी कागदावर लिहिलं ते कायमचं नाव. तोच कागद फ्रेम करून क्लबात टांगलाय, आणि आता त्याच्यावरून दगड.

पंधरा दिवसांत कायम कावीळ बरी करून परत आला. त्याने आपला पास मागून घेतला. बदलीला सांगायलाही लागलं नाही. दोन दिवस गेटावर उभा राहिला, काम मिळालं नाही. कोणी म्हणालं चलथाणच्या साखर कारखान्याकडे गेला, कोणी म्हणालं गावी गेला. अडीच महिन्यांचा माणूस. संपला.

तर मी यादी वाचून सरळ प्रमुखांकडे गेलो. प्रमुख म्हणजे त्या कायमचाच मुलगा. चाळिशीचा आहे, माणूस वाईट नाही. आमच्याच तालुक्याचं पोरगं, पण खुर्चीवर बसलं की गुजराती झाडतं.

"काका, ए तो टेम्परवारी हतो," तो म्हणाला. "टेम्परवारी माणसाचं काय घेऊन बसलात?"

"टेम्परवारी होता, पण गोल टेम्परवारी होता का? कप परत द्यायचा का मग?"

"कागदावर पप्पांचं नाव आहे, काका. रेफरीची सही आहे."

"तुझे पप्पा त्या दिवशी गावी पिवळे होऊन पडले होते."

बाकीचे हसले. त्याला ते लागलं. म्हणाला, "बरं, समजा तुमचं खरं. त्याचं नाव काय होतं? सांगा, आत्ता लिहितो."

नाव मला तरी कुठे माहीत होतं?

"नाव नाही, गाव नाही. दगडावर काय 'बदली' लिहू? लोक म्हणतील ट्रान्सफर झालेल्यांची यादी आहे." पुन्हा सगळे हसले. या वेळी माझ्यावर.

मी बाहेर आलो. पायरीवर बसलो. राग कोणाचा करावा ते कळेना. कारण त्याचं नाव एका माणसाला माहीत होतं, आणि तिला जाऊन तीन महिने झाले होते.

माझी घरची. बदली आमच्याकडे जेवायचा तेव्हा ती त्याला भाऊ म्हणायची. सुरतेत तिचा भाऊ नव्हता, दिवाळीला तिने त्यालाच ओवाळलं. तो चुलीजवळ पाटावर बसायचा आणि ती त्याच्याशी बोलायची. आई आहे का, बहिणी किती, शेतात काय पेरता. मी बॉलचं बोलायचो, ती माणसाचं बोलायची. तेव्हा नाव तिला माहीत असणारच. ती स्वतः म्हणाली होती, मला माहीत आहे म्हणून. कितीदा तरी मी तिला विचारलं, "त्या बदलीचं नाव काय होतं गं?" आणि प्रत्येक वेळी ती पदर तोंडाला लावून हसायची. "तुमले माहीत नही? मग मी नही सांगाव." मी म्हणायचो, डोक्यावर पडली आहेस.

शेवटच्या महिन्यातही विचारलं. ती बाजेवर होती, औषधांनी आवाज बारीक झाला होता. क्लबात दगडाची बोलणी तेव्हाच सुरू झाली होती. मी म्हटलं, आता तरी सांग, नंतर कोण सांगेल? माझं हे बोलणं किती वाईट होतं ते आता कळतं. ती रागावली नाही. तेच हसली, पदर असायचा तिथे हात नेला, आणि म्हणाली, "तुमना जोडेच शे ते." तुमच्यापाशीच आहे, असं.

मी ओरडलो तिच्यावर. थट्टेची वेळ आहे का ही, असं ओरडलो. तिने भिंतीकडे तोंड केलं. नंतर आम्ही दुसरं बोललो, औषधाचं, पाण्याचं. पण मी ओरडलो ते ओरडलोच.

त्या दिवशी क्लबातून घरी आलो आणि तिची पेटी उघडली. तुमच्यापाशीच आहे म्हणाली, म्हणजे काहीतरी कागद असेल, चिठ्ठी असेल. लुगडी काढली. मुलीचं बाळपणीचं टोपरं निघालं, हळदीकुंकवाच्या डब्या, देवाचा फोटो, डॉक्टरांची जुनी कागदं. सगळं जमिनीवर पसरलं. नाव कुठेच नाही. मी तिच्या लुगड्यांच्या ढिगात बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या आक्का भाजीची वाटी घेऊन आल्या. आक्का आमच्याच गावाकडच्या, घरचीची तरुणपणापासूनची मैत्रीण, आता ऐंशीच्या पुढे. दारातच थांबल्या.

"काय करी राह्यनात हो आप्पा? बाईनं कपडं का बरं काढं?"

मी चिडून सगळं सांगितलं. नाव माहीत होतं तिला, मुद्दाम सांगितलं नाही, हट्टी होती, शेवटपर्यंत हट्टी.

आक्कांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या जसं मी लहान पोर आहे.

"हट्टी? आप्पा, तुम्ही ते निरा येडाच शेतस. ती कशी लेई ते नाव? तुमनंच नाव शे ना ते!"

"काय?"

"त्यानं नाव तुमनंच व्हतं. नवऱ्यानं नाव बाई लेस का? पोरीना बारसामा त्यानी ओ दिन्ही, विसरी ग्यात का?"

म्हणजे त्याचं नावही माझंच, आणि नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. बारसं मी विसरलो नव्हतो. आठवत होतं, पण उलटं आठवत होतं.

आमच्या मुलीचं बारसं होतं. खोलीत बाया, बाहेर गॅलरीत बदली घुगऱ्या वाटायला पातेलं धरून उभा. बायांनी घरचीला धरलं, नाव घे नाव घे म्हणून. ती लाजत होती. शेवटी तिने तापीच्या पाण्याचं काहीतरी जुळवून माझं नाव घेतलं. नाव तोंडातून बाहेर पडायला आणि गॅलरीतून हा "ओ" म्हणायला एक गाठ. खणखणीत, हजेरी दिल्यासारखी ओ. सगळ्या बाया हसून हसून लोळल्या. माझं डोकं फिरलं. मी बाहेर जाऊन त्याला म्हटलं, "दुसऱ्याच्या बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की ओ देतोस? लाज आहे का?" आणखीही बोललो, ते लिहीत नाही.

तो लालबुंद झाला. "चुकलो, आप्पा," एवढंच म्हणाला. हेही म्हणाला नाही की माझंच नाव आहे ते. अडीच महिने दुसऱ्याच्या नावाने हजेरी देणाऱ्या माणसाला एका दिवशी आपलं नाव ऐकू आलं, आणि त्याने ओ दिली, तर मी त्याला शिवी दिली.

आणि ती? तिला त्याच क्षणी कळलं. तेव्हापासून ती त्याला भाऊशिवाय काही म्हणाली नाही. मी तिला चाळीस वर्षं विचारत राहिलो आणि ती चाळीस वर्षं माझंच नाव घ्यायला लाजत राहिली. मरणाच्या बाजेवरसुद्धा. तुमना जोडेच शे. आणखी किती सोपं करून सांगायचं होतं तिने?

माझा राग तेव्हा असा काही वर आला. या रिवाजाचा राग आला. नवऱ्याचं नाव जिभेवर आलं तर काय आभाळ पडतं? माझा राग आला की मी लंगड्या पायाने पळत राहिलो आणि घरात बसून कधी विचार केला नाही. आक्कांनी लुगडी घड्या करून परत पेटीत ठेवली. घड्या घालणं माझं काम, आयुष्यभराचं, पण त्या दिवशी हात चालेना.

रविवारी क्लबात गेलो. कायम स्वतः ओट्यावर खुर्चीत बसला होता, बारडोलीला मुलीकडे होता तो परत आलेला. कानाने कमी ऐकतो. मी सरळ त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"फायनलचा गोल तू मारला का रे?"

"कसाना गोल?" तो केवढ्याने ओरडला. "मी तं गावले व्हतू, काविळमा! मी कधी बॉलले पाय लावा?"

प्रमुख धावत आला. "पप्पा, तुम्ही बोलू नका ना!" पण बोलून झालं होतं, आणि दहा माणसांनी ऐकलं होतं. बाप खोटं बोलत नाही आणि पोराला खोटं कोरायचंय. मी म्हटलं, आता लिही. मी नाव सांगतो. आणि सांगितलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग प्रमुख हळूच म्हणाला, "काका... हे तर तुमचं नाव."

"माझंच."

"म्हणजे गोल तुम्ही मारला?"

असे हसले म्हणता! एक जण म्हणाला, लाइनमननेच गोल मारला! तरी म्हटलं, झेंडा का खाली होता. मी हसू दिलं. मग सगळी गोष्ट सांगितली, बारशाची, ओ दिल्याची, हिची. हसणं आपोआप थांबलं. कायमला काही ऐकू आलं नव्हतं, तरी तो मान हलवत होता.

प्रमुखाने एक अडचण काढली. यादीच्या शेवटी जुन्या सेवकांची ओळ होती, तिच्यात लाइनमन म्हणून माझं नाव होतंच. एकच नाव दोनदा आलं की लोकांना कारागिराची चूक वाटेल. मी म्हटलं, माझं काढ. तो म्हणाला, काका, तुम्ही तीस वर्षं झेंडा धरलात. मी म्हटलं, झेंडा धरला म्हणूनच सांगतोय, काढ. आडनाव कोणालाच माहीत नाही, तेव्हा आडनाव लावू नकोस. पुढे फक्त लिही, सात मॅच.

त्याने खरोखर लिहिलं. बापाचं नाव स्वतः खोडलं. त्याबद्दल त्याला मी नावं ठेवणार नाही. तीन वर्षांचा नियम मात्र त्याने सोडला नाही, उडिया गोलकीपर बाहेरच राहिला. त्यावर आमचं भांडण चालू आहे आणि मी मरेपर्यंत चालू राहील.

दगड बसला. आणि आता नवीनच ताप. येणारा जाणारा माझ्या पाठीवर थाप मारतो. "काय काका, छुपे रुस्तम! गोल मारला होता, कधी बोलला नाहीत!" मी एकेकाला थांबवून सांगतो. मी नव्हतो, बाबा. माझा पाय बघ. माझ्या पायाने बॉल भिंतीपर्यंत गेला असता का? काही ऐकतात, काही मला म्हातारचळ लागलाय असं समजून मान डोलावतात. मी गेल्यावर तर सांगायलाही कोणी नाही. दगड राहील आणि लोक समजतील तो मी. एका माणसाचं काम आधी दुसऱ्या नावाखाली गेलं, आता बरोबर नावाखाली गेलं आणि तरी माझ्याच खाती पडतंय. म्हणून हे लिहून ठेवतो. गोल मारला तो यवतमाळकडचा, डाव्या पायाचा, अनवाणी. तो कुठे असेल आणि कोणी त्याला हे वाचून दाखवेल, तर एवढं सांगा की बारशाच्या दिवशी मी जे बोललो ते मी परत घेतलं.

काल आक्कांची नात मला क्लबात घेऊन गेली. तिला गुजराती फटाफट वाचता येतं. दगडापुढे उभी राहून ती एकेक नाव मोठ्याने वाचत गेली. चौकटीपाशी आली आणि तिने ते नाव घेतलं, मोकळ्या आवाजात, बाईमाणसाच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. तोंडात सवयीने ओ आली होती. मी ओठ मिटले. ती हाक त्याची होती.